चोंढ्याचा रस्ता कोणाचा?

(कोपरी, ठाणे पूर्व इथे कामधंद्यासाठी राहणाऱ्या आपल्या पाड्यांवरच्या लोकांची रविवारी बैठक झाली. तिथे संघटनेच्या एका तरुण कार्यकर्त्याने केलेलं भाषण. पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवता यावं म्हणून बोलला तसंच घेतलं आहे.)



आज सुट्टीचा एकच दिवस मिळतो, तोही तुम्ही बैठकीला दिला. बायांनी घरची कामं आटपून यायचं केलं. काही जण रात्रपाळी करून सरळ इथे आले, डोळे लाल दिसतात. म्हणून मी जास्त वेळ घेणार नाही. पण जे बोलायचं आहे ते नीट बोलणार आहे.

आज मी एका रस्त्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही बोलाल, रस्त्याचं काय भाषण? रस्ता तर आपण रोज बघतो. पण तो कोणासाठी बांधला, त्याच्यावरून काय वर गेलं आणि काय खाली आलं, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. आज मांडू.

या कोपरीच्या पुलावरून गाड्या जातात. मुंबईकडून येतात, माजिवड्याला जाऊन आग्र्याच्या रस्त्याला लागतात. तिथून भिवंडी बायपास, पडघा, वाशिंद, आसनगाव, शहापूर. हा आपल्या घरचा रस्ता. शहापूरला हमरस्ता सोडायचा, उजव्या हाताला वळायचं आणि डोळखांबकडे निघायचं. डोळखांबच्या पुढे वस्ती कमी होत जाते, डोंगर जवळ येतो, आजोबाचा डोंगर दिसायला लागतो. दुकानं संपतात. आणि जिथे कोणाला वाटेल की आता रस्ताच संपणार, तिथे उलट रस्ता रुंद होतो. कशासाठी? तिथे शे-दोनशे उंबऱ्यांची गावं आहेत. त्यांच्यासाठी एवढा रस्ता? नाही. सह्याद्रीच्या कड्याखाली चोंढे आहे आणि चोंढ्याला घाटघर जलविद्युत केंद्र आहे. रस्ता त्या केंद्राला गेला आहे. आपली गावं वाटेत आली, एवढंच.

आता हे केंद्र काय आहे ते समजून घेऊ. आपल्या तालुक्यात आहे, पण आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे की तिथे नेमकं काय चालतं? आपल्याला बाहेरून पाटी दिसते, फाटक दिसतं, पहारेकरी दिसतो.

वर कड्याच्या माथ्यावर घाटघर गाव आहे, अकोले तालुका, आताचा अहिल्यानगर, आधीचा नगर जिल्हा. तिथे आपले महादेव कोळी भाऊ राहतात. तिथे प्रवरा नदीच्या उगमाकडे एक धरण बांधलं. दुसरं धरण खाली चोंढ्याला, आपल्या शहापूर तालुक्यात. दोन्हींच्या मध्ये चारशे मीटरच्या आसपास उंची. मधल्या डोंगराच्या पोटात, जमिनीखाली, वीजघर आहे. वरचं पाणी बोगद्यातून खाली सोडतात, ते जोराने येऊन यंत्र फिरवतं, वीज तयार होते. यंत्रं दोन, एकेक 125 मेगावॉटचं. मिळून 250 मेगावॉट. 1988 साली जपानकडून कर्ज घेतलं आणि 2008 साली वीज सुरू झाली. कर्जापासून विजेपर्यंत वीस वर्ष. माझ्याएवढी पोरं त्या कामाचे सुरुंग ऐकत मोठी झाली.

इथपर्यंत सरळ आहे. पुढची गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तेच पाणी रात्री यंत्र उलटं फिरवून परत वर चढवतात. सरकारी भाषेत याला उदंचन म्हणतात. का चढवतात? कारण रात्री शहर झोपतं, विजेची मागणी उतरते. पण कोळशावरची मोठी वीजघरं चुलीसारखी फुंकर मारून विझवता येत नाहीत. ती चालूच राहतात. त्यांची उरलेली वीज वापरून खालचं पाणी वर ढकलायचं. मग संध्याकाळी, जेव्हा शहरात सगळ्यांचे दिवे, पंखे, टीव्ही, लिफ्ट एकदम चालू होतात, तेव्हा तेच पाणी खाली सोडायचं. दिवसातले काही तास. अशा केंद्रात साधारण चार युनिट वीज खर्च केली की तीन युनिट परत मिळते. म्हणजे हे केंद्र जेवढी वीज खातं त्याच्याहून कमी देतं. तरी ते परवडतं, कारण ते शहराला नेमकं गरजेच्या वेळी देतं.

एक प्रकारे हा पाण्याचा कणगा आहे. रात्री भरायचा, संध्याकाळी उपसायचा. कणगा ठेवायला आपली जागा, आपला डोंगर. त्यातलं काढून खायला दुसऱ्याचं घर.

मी वीज नको असं बोलत नाही. इथे कोपरीत तुम्ही राहता, खोलीत एक दिवा, एक पंखा तुम्हालाही लागतो. बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करायला जाता तर लिफ्टने वर जाता, काही ठिकाणी तर लिफ्टमध्ये घेतही नाहीत, जिन्याने जा बोलतात. वीज वाईट नाही. पण संध्याकाळी सात वाजता कोपरीच्या पुलावर दिव्यांची माळ पेटलेली असते, आणि त्याच सात वाजता केंद्राच्या तारांखाली असलेल्या पाड्यांवर भारनियमन असतं. पोरं चिमणीच्या उजेडात अभ्यास करतात. काही पाड्यांवर तर खांबच गेला नाही, तिथे भारनियमनाचाही प्रश्न नाही. तार डोक्यावरून जाते आणि घरात अंधार. हे आपण बघत आलो.

पाण्याचं तेच. तानसा 1892 सालचं, इंग्रजांच्या वेळचं. मोडकसागर 1957. मग भातसा. भातसाच्या पायथ्यालाही 15 मेगावॉटचं वीजघर आहे. मुंबई-ठाण्याच्या नळाला हेच पाणी. आणि आपला शहापूर तालुका दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. धरणाच्या काठावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यातला डवरा उकरते. भातसाने उठवलेल्या लोकांची पुनर्वसनाची भांडणं अजून मिटली नाहीत. म्हणजे ही काही आजची गोष्ट नाही. आज्यापासून चालत आली आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, रस्ता.

मागे एका पाड्यावर मी हेच बोलत होतो तेव्हा एक म्हातारे बाबा उठले आणि बोलले, "पोरा, तू रस्त्याच्या विरोधात हायस काय? रस्ता नव्हता तेव्हा आम्ही डोळखांबपावतर चालत जायचो." बाबांचं बरोबर आहे. मी रस्त्याच्या विरोधात नाही. मी बारावी झालो तो याच रस्त्यावरच्या एसटीमुळे. पाड्यावरून डांबरापर्यंत तीन किलोमीटर पायी, तिथून एसटी. डांबर नसतं तर मी आठवीला घरी बसलो असतो. रस्ता आपल्यालाही पाहिजे. सवाल वेगळा आहे. त्या डांबरापर्यंतच्या तीन किलोमीटरचं काय?

आमच्या पाड्याने तो तीन किलोमीटरचा रस्ता मागितला. एकदा नाही, वर्षानुवर्षं. अर्ज दिले. एका कचेरीत साहेब बोलले, "ही जंगलाची जमीन आहे. इथे रस्ता होत नाही. कायदा आहे." दुसऱ्या कचेरीत बोलले, "निधी आहे, पण जंगलवाल्यांची परवानगी आणा." आम्ही या दारातून त्या दारात. त्या वर्षीच्या पावसात माझ्या वहिनीचे दिवस भरले. रात्री कळा सुरू झाल्या. चौघांनी झोळी केली, बांबूला चादर बांधली आणि निघालो. पाऊस धो धो. ओढ्याला पाणी. ओढ्याच्या अलीकडे झाडाखाली बाळ झालं. सुईण सोबत होती म्हणून दोघं वाचली. सगळ्यांची वाचत नाहीत, हे इथल्या बायांना मी सांगायची गरज नाही.

आता मला सांगा. चोंढ्याच्या केंद्रासाठी जंगलाची जमीन लागली नाही काय? लागली. दोन धरणं, रस्ते, वसाहत, तारांचे मनोरे, सगळ्याला जागा लागली आणि ती मिळाली. घाटघर तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. आपल्याला तिथे सरपण काढू देत नाहीत, गार्ड कोयता हिसकावून घेतो. पण यंत्र आत गेलं, सुरुंग आत गेला, हजारो ट्रक सिमेंट आत गेलं. म्हणजे जंगल रस्त्याला आडवं येतं ही गोष्ट खरी नाही. जंगल कोणाच्या रस्त्याला आडवं येतं, हे बघून ठरतं. धरणाला जंगल वाट देतं आणि बाळंतिणीला अडवतं, असं जंगल मी पाहिलेलं नाही. अडवणारा कागद असतो.

तर कागदाला कागदानेच उत्तर द्यायचं. तो कागद आपल्याकडे आहे. म्हणून पुढचं नीट ऐका. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या.

2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यात कलम 3, पोटकलम 2. पाड्याला लागणाऱ्या तेरा सोयींसाठी जंगलाची जमीन देता येते असं तिथे लिहिलं आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची आणि टेलिफोनची लाइन, तळं, पिण्याच्या पाण्याची लाइन, आणि रस्ता. रस्त्याचं नाव कायद्यात आहे. अटी दोन. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ग्रामसभेची शिफारस पाहिजे. अर्ज ग्रामसभेच्या ठरावासकट रेंजरकडे जातो आणि मंजुरी उपवनसंरक्षकाच्या पातळीवर होते. फाईल दिल्लीला जात नाही.

एक हेक्टर म्हणजे किती? दहा हजार चौरस मीटर. चार मीटर रुंदीचा रस्ता धरला तर अडीच किलोमीटर होतो. आपल्या किती पाड्यांचे रस्ते अडीच किलोमीटरच्या आत जंगलात अडकले आहेत? मोजा. बहुतेक निघतील. ज्याचा थोडा लांब असेल त्याने पाहावं की सगळीच जागा जंगलाची आहे की काही गावठाण, काही मालकीची आहे. म्हणजे साहेब जेव्हा बोलतो, "कायदा आहे, रस्ता होत नाही", तेव्हा आपण बोलायचं, "साहेब, कायदा आहे म्हणूनच रस्ता होतो. हा घ्या ठराव."

आता यात अडचण काय? अडचण इथे बसली आहे. रागावू नका. अडचण तुम्ही आणि मी आहोत.

ठराव करायला ग्रामसभा पाहिजे. 2012 साली या कायद्याच्या नियमात दुरुस्ती झाली. त्यात लिहिलं आहे की वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. जमिनीच्या दाव्यांवर ठराव करायचा तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर पाहिजेत. आता दिवाळीनंतर पाड्यावर कोण असतं? म्हातारी माणसं आणि कोंबड्या. कोण वीटभट्टीवर, कोण वाळूच्या कामावर, कोण इथे कोपरीला, कळव्याला, डोंबिवलीला नाक्यावर. ग्रामसेवक तारीख लावतो ती नेमकी जानेवारीत. माणसं जमत नाहीत. सभा तहकूब. नाहीतर त्याहून वाईट, चार टाळकी जमवून कागदावर सह्या होतात आणि बाहेरच्याच्या मनासारखा ठराव लिहिला जातो. आपण नसतो म्हणून आपला रस्ता होत नाही, आणि आपण नसतो म्हणून त्यांचा होतो.

फक्त रस्ताच नाही. प्लॉटची जमीन बघा. बापाने, आज्याने कसलेली, नाचणी-वरी पिकवलेली. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलो तर ती आपल्या नावावर व्हायला पाहिजे. दोन पुरावे लागतात. आपल्याकडे सातबारा नाही, पण गार्डने फाडलेली दंडाची पावती आहे काय? तो पुरावा. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, तोही पुरावा, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. आज आजोबा आहेत तोवर लिहून घ्या, उद्या कोणाला विचारणार? दाव्याची चौकशी पूर्ण होत नाही तोवर कोणी आपल्याला त्या जमिनीवरून उठवू शकत नाही, हेही कायद्यातच आहे. आणि दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि साठ दिवसांच्या आत वर अपील करा. साठ दिवस. तुम्ही इथे असता, कागद पाड्यावर जातो, घरी कुलूप, कागद दाराच्या फटीत. साठ दिवस तिथेच संपतात. असं कोणाचं होऊ देऊ नका. पाड्यावर एक माणूस ठरवा, कागद आला की त्याने फोन करायचा.

कोणी बोलेल, ठराव करून काय होतं? मोठ्यांपुढे ग्रामसभेचं कोण ऐकतं? आपल्या शेजारचं उदाहरण देतो. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण होणार होतं, शहरांच्या पाण्यासाठी. ग्रामसभांनी नको म्हणून ठराव केले. तरी 2011 साली काम सुरू झालं, जंगलाची मंजुरी नसताना. यंत्र आलं, झाडं पडली. लोक आणि त्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. 2012 साली न्यायालयाने काम थांबवलं. न्यायालयात उभं राहायला पायाखाली काय होतं? ते ठराव होते. हवेत भाषण करून काम थांबत नाही, कागद लागतो. केंद्राच्या वन मंत्रालयाने 2009 च्या ऑगस्टमध्ये पत्र काढलं होतं, प्रकल्पाला जंगल द्यायचं तर आधी वनहक्काचं काम पूर्ण पाहिजे आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. चोंढ्याचं धरण झालं तेव्हा हे काही नव्हतं. तेव्हा आपल्या लोकांना कोणी विचारलं नाही. त्या पत्राने विचारायची अट घातली. पण विचारायला आले आणि घरात कोणी नसलं, तर ते उत्तर स्वतःच लिहून घेतात.

आणि येणार नाहीत असं समजू नका. वर पाणी साठवायला पठार आणि खाली खोल दरी, अशी जागा उदंचनाला लागते. अशी जागा मुंबईजवळ कुठे आहे? आपल्याच डोंगरात. माळशेजला असाच प्रकल्प कागदावर आहे. एक दिवस डोळखांबच्या पुढे अजून एखादा रस्ता रुंद व्हायला लागेल. मोजणीवाले येतील, लाल-पांढऱ्या काठ्या रोवतील, विचारलं तर बोलतील, "तुमच्यासाठी रस्ता करतोय." त्या दिवशी आपण तीन सवाल विचारायचे. हा रस्ता कुठे जातो? कोणाच्या ठरावाने जातो? आणि माझ्या पाड्याला त्याला जोडणारा फाटा आहे काय? तिन्हींचं उत्तर लेखी मागायचं. फाटा नसेल तर तो रस्ता आपला नाही, आपण फक्त त्याच्या कडेला आहोत.

वर घाटघरच्या भावांचंही ध्यानात घ्या. त्यांचा आणि आपला रोटीबेटीचा संबंध आहे. आजही ते चोंढे घाटाने पायी उतरतात, आपण पायी चढतो. गाडीने जायचं तर कसारा घाट, घोटी, भंडारदरा असा लांबचा फेरा. पाण्यासाठी डोंगराच्या पोटातून सरळ बोगदा झाला, पाणी रोज खालीवर करतं. माणसाची वाट मात्र आज्याच्या वेळची तीच, कड्याची. तिथल्या ग्रामसभेशी आपण बोललं पाहिजे. एकाच प्रकल्पाचं डोकं त्यांच्याकडे आणि पाय आपल्याकडे आहेत. जिल्हे सरकारने दोन केले, डोंगर एकच आहे.

आता काय करायचं ते सांगतो आणि संपवतो.

पहिलं. या बैठकीतून प्रत्येक पाड्याची यादी करायची. कोण कुठे राहतो, कोणाचा दावा टाकला आहे, कोणाचा राहिला आहे, कोणाचा फेटाळला आहे. यादी आज इथेच सुरू करू. वही मी आणली आहे.

दुसरं. ग्रामसभेची तारीख ग्रामसेवक ठरवेल आणि आपण पळत जाऊ, हे बंद. आपण तारीख सांगायची. होळीला सगळे घरी जातातच. होळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ग्रामसभा लावा असा अर्ज आत्ताच द्यायचा. अर्जाची पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

तिसरं. त्या ग्रामसभेत पाड्याच्या रस्त्याचा ठराव. किती लांब, किती रुंद, कुठून कुठे, किती झाडं जातात, मोजून लिहायचं. दोरी घेऊन आपणच मोजायचं, पोरं मोजतील. अंदाजाने लिहिलं की साहेब परत पाठवतो.

चौथं. बायांनी यायचंच. एक तृतीयांश बाया नसतील तर सभाच धरत नाही. झोळीत बायांनाच जावं लागतं, तर रस्त्याच्या ठरावावर पहिला अंगठाही बाईचाच पाहिजे.

आणि मुकादमाला काय सांगायचं, तेही ठरवा. दोन दिवसांची मजुरी बुडेल. बुडते, मला माहीत आहे, मीही नाक्यावर उभा राहिलो आहे. पण जमीन बुडाली तर जन्मभर नाक्यावरच उभं राहावं लागेल. दोन दिवस कोणते मोठे, ते तुम्हीच ठरवा.

कोपरी ते चोंढे शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. त्याच्यावरून आपलं पाणी खाली आलं, वीज खाली आली, लाकूड खाली आलं, आणि शेवटी आपण स्वतः डोक्यावर गाठोडं घेऊन खाली आलो. वर काय गेलं? सिमेंट, सुरुंग आणि साहेबांच्या गाड्या. या होळीला आपण वर जाऊ. एसटीने, टेम्पोने, कसंही. हातात पावत्या, जबाब, अर्ज घेऊन. ग्रामसभेत निम्म्याहून जास्त बसू. मग कोणी विचारलं, हा रस्ता कोणाचा, तर सांगता येईल.

जोहार. जिंदाबाद.